चहाचा म्हणून सांगितलेला डाग

९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढं वाच: चिमीला कच्चं दूध देऊ नकोस. एक घोटही नको. चांगली उकळी फुटून वर येईपर्यंत तापव. आणि त्या गाईचं दूध माझ्याकडे प्रयोगशाळेत तपासायला पाठव.

आता बाकीचं वाचलं नाहीस तरी चालेल.

परवा चिमीचा फोन आला. तिसरा महिना संपत आला असं तिने सांगितलं, मग रडली, मग हसली. "आत्या, मला सगळ्याचा वास येतो गं. जिन्याचा येतो, साबणाचा येतो, नवऱ्याचा येतो. म्हणून आईकडे येऊन राहिलेय. इथे फक्त गोठ्याचा येतो आणि तो चालतो." पोटात काही ठरत नाही, एक धारोष्ण दूध तेवढं राहतं, असंही म्हणाली.

मी विचारलं, "कुणाचं दूध?"

"कुणाचं म्हणजे? बाईसाहेबांचं."

आणि मग तिने जीभ चावली. तुझी लेक आहे, पण लपवाछपवी तिला तुझ्यासारखी जमत नाही.

गेल्या वर्षी मार्चात माझ्या तपासणीवरून तुझा सगळा गोठा सरकारी गाडीत घालून नेला, तेव्हा बाईसाहेब तिथे नव्हती. तू म्हणालीस, विकली. आता कळलं की लाकूडवाल्यांच्या वखारीत फळ्यांच्या आड उभी केली होतीस आणि तिने त्यांचं गोणपाट खाल्लं. लाकूडवाले अजून रुसलेत म्हणे. मला हसू आलं. थोडा वेळ राहिलं, मग गेलं.

का लपवलीस ते विचारत नाही. दादाने जाण्यापूर्वी बाटलीने वाढवलेली ती शेवटची कालवड. मान वर करून चालायची म्हणून नावही त्यानेच ठेवलं. सकाळी दार उघडून आधी "बाईसाहेब उठल्या का?" आणि मग तुझी चौकशी. तू चिडायचीस, "माझी मान खाली म्हणून मला कुणी विचारत नाही."

चिमीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई म्हणते, उकळलं की दुधातला जीव जातो." मी म्हटलं, तोच घालवायचाय. तिला तो विनोद वाटला. तुझ्या घरात तुझाच शब्द चालतो, म्हणून तुला लिहितेय. तिच्या पोटातल्याला यातून धोका आहे. साधा नाही.

नियमाने ही गाय मी लगेच वर कळवायला हवी. अजून कळवलेली नाही. आधी दूध पाठव. स्वतः आले असते, पण सध्या इथून हलता येत नाही. कामं आहेत.

तुझी नणंद


१३ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं असणार. पोस्टमनवर ढकलण्याइतकी मी भोळी नाही.

तू काय म्हणत असशील ते मला इथे बसून ऐकू येतं. "गाय धडधाकट आहे. कातडी बघा कशी तुकतुकीत. वासरूसुद्धा नीट झालं." खरं आहे. हा रोग गाईला आजारी दाखवत नाही. ती एकदा गाभडते, वासरू अर्ध्यात टाकते, पुढच्या वेळी वासरू व्यवस्थित होतं, आणि आपल्याला वाटतं, सुटलो. जिवाणू कासेत मुक्काम ठोकून असतो. दुधातून उतरत राहतो. त्या वर्षी गोठ्यातल्या गाई एकामागून एक गाभडल्या, तेव्हा ती त्याच गव्हाणीला होती, वहिनी. तीच वैरण, तेच पाणी.

माणसात गेला की ताप येतो, जातो, परत येतो. सांधे धरतात. ऐन दुपारी माणूस घामाने निथळतो आणि मग थंडीने कुडकुडतो. आणि मन असं होतं की उशीचा अभ्रा बदलायचा म्हटलं तरी रडू फुटतं. अभ्र्याचं पुस्तकात लिहिलेलं नाही.

पोटुशी बाईचं तर तुला सांगायला नको. तू गाईंचं पाहिलंयस.

गोठा नेला त्या दिवशी तू मला मॅडम म्हणालीस. "मॅडम, सह्या झाल्या असतील तर निघा. मला गोठा धुवायचाय." सगळ्यांच्या देखत. गाडीवाल्याला वाटलं, आपली काही ओळखच नाही.

तू आपल्या घरात आलीस तेव्हा मी शाळेत होते, आई नव्हती. माझ्या वेण्या तू घातल्यास. धार काढता काढता उठायचीस, हात धुऊन यायचीस, तरी बोटांना दुधाचा वास असायचा. वयाने एवढी मोठी, पण मला थट्टेने "वन्सं" म्हणायचीस, जसं काही मी नऊवारी नेसून बसलेली थोरली नणंद. "वन्सं, मान हलवू नका, नाहीतर गाईची शेपटी होईल." मी मुद्दाम हलवायचे.

मॅडम मला इतर सगळे म्हणतात. तू नको म्हणूस.

दूध पाठव. चिमीने आता सोडलं असेल तरी पाठव.

खाली कोपऱ्यात केशरी डाग पडलाय. चहा सांडला. कागद बदलणार होते, पण पुन्हा सगळं लिहायचं बळ नाही. वेळ नाही, असं म्हणायचं होतं.


२० ऑगस्ट

वहिनी,

दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर सकाळी दारात उभा. छातीशी डबा धरलेला, तान्हं मूल धरावं तसा. "ताई, हे वहिनींनी दिलंय. बोलल्या काहीच नाहीत. नुसतं म्हणाल्या, हिंदकळू देऊ नको."

डब्यात बर्फ, बर्फात काचेची बरणी, बरणीच्या तोंडावर फडकं आणि त्यावर तुझी ती गाठ, जी दादालाही कधी सुटली नाही. चिठ्ठी नव्हती. मी फडकंसुद्धा झटकून पाहिलं.

बर्फाचं मी तुला लिहिलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या गोठ्यातून नमुने न्यायचे, तेव्हा तू बघत होतीस. मला वाटायचं, तुझं लक्ष नाही.

तपासणी मी केली नाही. मला सध्या टेबलाजवळ येऊ देत नाहीत, ते जाऊ दे. ती फौजदारबाईंनी केली. आमच्या प्रयोगशाळेत कागदाचा कपटा खाली पडला तरी त्या जबाब घेतात, म्हणून मी त्यांचं हे नाव ठेवलंय. मी काचेबाहेर थांबले. त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी जा पाहू. आडव्या पडा." मी म्हटलं, "माझ्या घरचं दूध आहे." मग त्यांनी खुर्ची आणून दिली आणि पाठीला उशीही.

तू विचारायचीस ना, तुम्ही दुधात काय बघता? या तपासणीत नळीत दूध घेतात आणि त्यात निळ्या औषधाचा थेंब टाकतात. हलवून उबेत ठेवतात. दूध निर्दोष असेल तर सगळं सारखं फिकट निळं राहतं. नसेल तर निळा रंग सायीबरोबर वर चढतो, वर कडं धरतो आणि खालचं दूध पांढरं शुभ्र होतं. इतकं पांढरं की बघत राहावं. शिकायला येणाऱ्या मुलींना मी नेहमी सांगते, या पांढऱ्यावर जाऊ नका, वर बघा.

मी बराच वेळ खालीच बघत होते. फौजदारबाईंनी काचेवर टकटक केलं.

कडं आलंय, वहिनी. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा आलं.

आता मला कळवावं लागेल. सोमवारी कळवेन. ते टाळणं माझ्या हातात नाही, आणि असतं तरी मी टाळलं नसतं. हे वाक्य खोडून दुसरं लिहून बघितलं. शेवटी हेच ठेवलं.

चिमीला उद्याच्या उद्या रक्त तपासायला ने. तुझंही दे. डॉक्टरांशी मी बोलले आहे, ते सगळं समजून आहेत.

बरणी उकळून ठेवलीय. फडकं धुतलं नाही, ते फौजदारबाईंनी काढून घेतलं आणि जाळलं. तसंच करायचं असतं. गाठ त्यांनी कात्रीने कापली.


२९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

चिमीच्या रक्तात आहे. हे तुला डॉक्टरांनी सांगितलंच, तरी मी लिहितेय, कारण ते तू एकटीने ऐकलंस. बाळाचे ठोके नीट आहेत. लवकर कळलं आहे. लवकर कळणं ही या रोगात फार मोठी गोष्ट असते, बहुतेकांना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

तुझं रक्त स्वच्छ आलं. सगळं आयुष्य गोठ्यात काढून. मग आठवलं, तुला दूध आवडतच नाही. चहासुद्धा कोरा. सगळ्यांना पेले भरभरून द्यायचीस आणि स्वतः नाक मुरडायचीस, "मला तो वास सहन होत नाही बाई." आम्ही हसायचो. गोठेवालीला दुधाचा वास सहन होत नाही.

हे तुला आता टोचत असेल. टोचू देऊ नकोस. तू लेकीला तुझ्याकडचं सगळ्यात चांगलं ते दिलंस.

बाईसाहेबचं चिमीने फोनवर सांगितलं. तू तिला आदल्या दिवशी अंघोळ घातलीस. दावं कुणाच्या हातात दिलं नाहीस, गल्लीतून गाडीपर्यंत स्वतः चालवत नेलंस. लाकूडवाले दारात उभे होते, त्यांनी चष्मा काढला. वासरू आधीच चढवलं होतं, पण गाडीच्या फळीवर तिने पाय ठेवला नाही. गाडीवाला मागून ढकलायला आला, तेव्हा तू त्याला म्हणालीस, "हात लावू नका. तिला सवय नाही." आणि मग तिच्या कानाशी, "चला बाईसाहेब." आणि ती चढली.

दादाच्या आवाजात म्हणालीस, असं चिमी सांगत होती. मला कळलं नाही म्हणजे काय. मग कळलं.

संध्याकाळी धारेच्या वेळी तू चरवी घेऊन उठलीस, गोठ्याच्या दारापर्यंत गेलीस आणि ती तिथेच पालथी घालून परत आलीस. चिमी म्हणाली, "आई पुन्हा गोठा धुतेय, आत्या. आत काहीच नाहीये, तरी धुतेय."

मी तिथे हवी होते. दाव्याचं दुसरं टोक धरायला. का नव्हते ते विचारू नकोस.

चिमीच्या गोळ्या पुष्कळ दिवस चालतील. एकही चुकवू द्यायची नाही, बरं वाटलं तरी. त्यातल्या एका गोळीने लघवी, घाम, डोळ्यातलं पाणी, सगळं केशरी होतं. तिला आधीच सांगून ठेव, नाहीतर रडेल, आरशात बघेल आणि अजून रडेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कपड्यांवर मात्र डाग राहतात.

तुझी


१७ सप्टेंबर

वहिनी,

काल चिमीचा फोन आला, तेव्हा मागे बादलीचा आवाज येत होता. ती बोलायला लागली आणि तो आवाज थांबला. म्हणजे तू ऐकत होतीस.

तिने सगळं सांगितलं. तू तिचा अभ्रा धुवायला घेतलास, त्यावरचा डाग बघितलास, आत जाऊन माझं पत्र आणलंस आणि दोन्ही खिडकीशी धरलंस. "बघ गं, एकच आहे का?"

ती म्हणाली, "आई, तो चहाचा आहे. आत्याने लिहिलंय."

तू म्हणालीस, "दुधाच्या चहाचा डाग असा पडत नाही. तुझी आत्या लहानपणापासून खोटं बोलली की कारण जास्तीचं देते." आणि मग, "विचार तिला. कधीपासून?"

गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून. बरं होतं, परत येतं. आता पाठीच्या मणक्यात उतरलंय. बसून लिहिता येत नाही, आडवं पडून लिहिते, म्हणून अक्षर असं घसरलेलं. तू ओळखलं असशीलच.

आता पुढचं. हे मी तुला कधीच सांगणार नव्हते.

आमचे सर जुन्या वळणाचे होते. जिवाणू वाढवलेली प्लेट हातात आली की झाकण उचलायचे, नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि नाव सांगायचे. एकाला पिकल्या द्राक्षांचा वास येतो, एकाला ओल्या मातीचा. आम्हीही शिकलो. अत्तरवाल्यासारखे रुबाबात नावं सांगायचो. पुढे ते बंद झालं, कारण काही जिवाणू श्वासावाटे आत जातात आणि तुझ्या गाईंचा त्यांतलाच. आमच्या भिंतीवर पाटी आहे, "प्लेटचा वास घेऊ नये." ती माझ्याच अक्षरात आहे.

तुझ्या गाईंच्या नमुन्यांतून प्लेटवर दाणे उगवले. बारीक, मधाच्या रंगाचे, दवासारखे. मला बघताक्षणी कळलं. इतकी वर्षं तेच बघत आले, कळणारच. पण तशाच दिसणाऱ्या काही निरुपद्रवी जिवाणूंना वास असतो, याला नसतो. हवा ओढून घेणाऱ्या कपाटात उघडायची ती प्लेट मी टेबलावर घेतली. फौजदारबाई जेवायला गेल्या होत्या. झाकण उचललं आणि सरांसारखे डोळे मिटले.

कुठला तरी वास यावा, एवढंच हवं होतं. द्राक्षांचा, मातीचा, सडक्या कोबीचा, कसलाही. आला असता तर मी त्याच पावली धावत तुझ्याकडे आले असते.

त्यानंतर सगळ्या तपासण्या रीतसर केल्या आणि सही केली. त्या सहीबद्दल तू मला मॅडम म्हणालीस, ते बरोबरच होतं. दुसरी गोष्ट त्या प्लेटच्या झाकणाची. ते तेव्हा सांगितलं असतं, तर तुझ्या गाईंच्या बदल्यात काहीतरी ठेवल्यासारखं झालं असतं. तुला त्याची दया आली असती आणि तुला नीट रागावताही आलं नसतं. तेवढा राग तरी तुझा तुला राहू द्यावा, असं वाटलं.

म्हणून बाईसाहेबला यात ओढू नकोस. माझ्यातला जिवाणू तिचा नाही, तिच्या मैत्रिणींपैकी कुणाचा तरी आहे. आधी गोठा गेला, मग बाईसाहेब गेली, प्लेटा तर केव्हाच जाळल्या. त्या मैत्रिणींचं जिवंत असं आता माझ्या पाठीत तेवढं उरलंय. डॉक्टर ते मारायचं म्हणतात, आणि मी हो म्हणते.

चिमीच्या गोळ्या चुकवू नकोस.


१८ जानेवारी

प्रिय वहिनी,

तू आजी झालीस.

चिमीने फोटो पाठवला. घाईने आलेली, एवढीशी, कपाळाला आठ्या घालून. रक्त स्वच्छ आहे हे मला डॉक्टरांनी आधी सांगितलं, फोटो नंतर आला. मी ते उलट्या क्रमाने मागायला हवं होतं. फोटोच्या कडेला काचेवर टेकलेला एक हात दिसतो. नखं बारीक कापलेली, अंगठ्याजवळ दाव्याने पडलेला तो जुना घट्टा. अजून गेला नाही.

लाकूडवाल्यांनी फळ्या ठेवायला गोठा मागितला आणि तू नाही म्हणालीस, असं कळलं. रिकामाच ठेवणार आहेस का, असं चिमीने मला विचारलं, जसं काही मला माहीत असणार. मी म्हटलं, तुझ्या आईला विचार. ती म्हणाली, "विचारलं. म्हणते, काही रिकामं असू द्यावं."

मी बरी आहे. हे कारण न देता लिहितेय, म्हणजे तुला खरं वाटेल. कमरेला पट्टा आहे, हातात काठी आहे. गोळ्या संपल्या. डोळ्यातलं पाणी पुन्हा पाण्याच्या रंगाचं झालंय. टेबलाशी परत जाता येणार नाही, आता नुसतं शिकवायचं. पहिल्या दिवशी मुली त्या पाटीकडे बघून हसतात. मी हसू देते.

चिमीने फोन ठेवता ठेवता म्हटलं, "आत्या, एक राहिलंच. आईने निरोप दिलाय. सप्टेंबरपासून दर वेळी म्हणायची, विचारू का नको, विचारू का नको. आज बाळाला टोपी घालताना एकदम म्हणाली, वन्संना विचार, मग आला का वास?"

जवळजवळ दोन वर्षांत तुझे दोनच प्रश्न, हा दुसरा. आणि वन्संना विचार म्हणालीस. चिमीला मी दोनदा विचारून घेतलं, नक्की हाच शब्द ना. ती वैतागली, "हो गं आत्या, दुसरा कुठला असणार?"

हे उत्तर चिमीकरवी द्यायचं नव्हतं. इथे देते.

नाही आला, वहिनी. मी डोळे मिटून होते, बराच वेळ. काहीच आलं नाही. मग वाटलं, माझंच नाक बसलं असेल, वेण्या घालताना तुझ्या बोटांना यायचा तेवढा तरी येईल.

म्हणून मी ती प्लेट आणखी जवळ घेतली.

वन्सं